नमुना पास, प्रक्रिया नापास

भीमाशंकरच्या डोंगरातून किंवा डिंभे धरणाच्या पल्याडच्या वाड्यांवरून १०८ची गाडी पेशंट घेऊन घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात येते, तेव्हा पहिल्या काही मिनिटांत त्या माणसाच्या शरीरात काय काय शिरते याची यादी कोणी करून पाहावी. शीर शोधून टोचलेली आयव्ही कॅन्युला, तिला जोडलेला सलाइनचा सेट, इंजेक्शनची सिरिंज, लघवी अडली असेल तर कॅथेटर, भातखाचरात विळा लागला असेल तर टाक्यांचा दोरा, बाळंतीण असेल तर बाळाच्या नाळेला क्लॅम्प. यातली एकही वस्तू घोडेगावात बनत नाही आणि एकही घोडेगावात तपासली जात नाही. तशी सोयच नाही, आणि नसावीही. सिस्टर पाकिटावरची मुदत बघतात, पाकीट फाटलेले नाही ना एवढे पाहतात आणि ते उघडतात. पुढचे सगळे विश्वासावर.

हा विश्वास कशावर उभा आहे, हे आज विचारण्याची वेळ आली आहे. सरकारी रुग्णालयासाठी माल घेताना दोन गोष्टी हमखास पाहिल्या जातात: परवाना आहे का, आणि दर सर्वांत कमी कोणाचा. फार तर प्रयोगशाळेचा एक अहवाल जोडलेला असतो: नमुना तपासला, निर्जंतुक आढळला, पास. या तिसऱ्या कागदाने सगळ्यांना निर्धास्त केले आहे. आमचे म्हणणे असे की हा कागद जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि जो कागद खरोखर काही सांगतो तो मागायची सवय आपल्या व्यवस्थेला लागलेली नाही.

साधा हिशेब करू. समजा, एका बॅचमधल्या दर हजार सिरिंजांत एक सिरिंज निर्जंतुक झालेली नाही. प्रयोगशाळेने त्या बॅचमधल्या वीस सिरिंज काढून तपासल्या. ती एक सदोष सिरिंज या विसांत सापडण्याची शक्यता किती? जेमतेम दोन टक्के. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा ती बॅच ‘पास’ होऊन ट्रकवर चढेल. आणि निर्जंतुक वस्तूंसाठी जगभर मानला जाणारा निकष हजारात एकाचा नाही; दहा लाखांत एकाहून जास्त वस्तू सदोष राहण्याची शक्यता नसावी, असा आहे. दहा लाखांत एक हे नमुने काढून सिद्ध करायचे, तर कारखान्यातला सगळा माल प्रयोगशाळेतच संपेल. कारण जी सिरिंज तपासली ती फोडली, ती पेशंटच्या कामाची उरली नाही.

म्हणून या धंद्यात एक वेगळी शिस्त आली. माल तपासून नव्हे, तर माल ज्या पद्धतीने बनतो ती पद्धत आधी सिद्ध करून खात्री द्यायची. कारखान्यातली माणसे त्याला व्हॅलिडेशन म्हणतात. यंत्र जसे बसवायला हवे तसे बसले आहे का, हे आधी नोंदवायचे. मग तापमान, दाब, वेळ यांच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या टोकाला यंत्र चालवून तिथेही माल नीट निघतो का ते बघायचे. आणि शेवटी, खास बोलावलेल्या तज्ज्ञाच्या हातून नाही तर रोजच्या पाळीतल्या रोजच्या कामगाराच्या हातून, रोजच्या कच्च्या मालावर, एकामागून एक बॅच काढून तोच निकाल पुन्हा पुन्हा येतो का ते तपासायचे. हे सगळे विक्रीच्या आधी. यंत्र हलवले, साचा बदलला, कागदाचा पुरवठादार बदलला, की बदलाचा परिणाम पाहून गरजेप्रमाणे पुन्हा.

ही शिस्त कुणा प्राध्यापकाच्या डोक्यातून निघालेली नाही, ती माणसे दगावल्यावर आली. १९७२च्या मार्च महिन्यात इंग्लंडमध्ये प्लिमथच्या डेव्हनपोर्ट भागातल्या रुग्णालयात डेक्स्ट्रोजच्या सलाइनमधून जंतू शरीरात गेले आणि मृत्यू झाले. सरकारने क्लोदियर समिती नेमली. त्या बाटल्या जवळपास वर्षभर आधी, एप्रिल १९७१मध्ये, लिव्हरपूलजवळच्या कारखान्यात ऑटोक्लेव्हमध्ये घातलेल्या होत्या. आत हवा अडकून राहिली. वरच्या थरांतल्या बाटल्यांना हवे ते तापमान मिळाले, खालच्या थरातल्यांना मिळालेच नाही. तापमानाची नोंद घेणाऱ्या एका उपकरणाचा काटा वर चढत नव्हता. पण दुसरा काटा नेहमीसारखा दिसत होता, आणि विश्वास त्या दुसऱ्यावर ठेवला गेला. पहिले उपकरणच बिघडले असेल, असे धरून काम पुढे गेले. आणि ही बॅच निर्जंतुकतेच्या चाचणीत पास झालेली होती. तपासणी झाली नाही म्हणून ती माणसे गेली नाहीत. तपासणी होऊनही गेली.

आज आपल्याकडचा बहुतेक डिस्पोजेबल माल प्लॅस्टिकचा असतो. वाफेचे तापमान त्याला सोसत नाही. म्हणून त्यातला बराच इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक होतो. खोकी मोठ्या चेंबरमध्ये रचायची, ओलावा आणि उष्णता द्यायची, वायू सोडायचा, ठरल्या वेळेनंतर काढून घ्यायचा आणि मालातला उरलासुरला वायू निघून जाईपर्यंत तो हवेशीर ठेवायचा. यातली एकही पायरी घाईत उरकता येत नाही. ओलावा कमी पडला तर जंतूंच्या कोरड्या बीजाणूंवर वायूचा असर होत नाही. खोकी नेहमीपेक्षा दाट रचली तर मधल्या खोक्यापर्यंत वायू पोचत नाही. पुरेसे दिवस ठेवले नाही तर वायू प्लॅस्टिकमध्ये राहतो, आणि हा वायू कर्करोगकारक आहे. लहान उत्पादकांकडे स्वतःचा चेंबर नसतो. ते माल बाहेरच्या निर्जंतुकीकरण केंद्राकडे पाठवतात. तिथे तो इतरांच्या मालाबरोबर आत गेला, रचना बदलली, तर मूळ व्हॅलिडेशन कागदावरच उरते.

मग येते पाकिटाची कड. सिस्टरच्या हातातले ते पाकीट कधी नीट निरखून बघा: एका बाजूला पारदर्शक प्लॅस्टिक, दुसऱ्या बाजूला खास कागद, आणि भोवती दोन्ही चिकटवणारी अरुंद पट्टी. कागद वायू आत घेतो, पण जंतू अडवतो. त्या पट्टीने वर्षानुवर्षे बंद राहायचे असते. ती पट्टी गरम दांड्यांखाली दाबून बनते. दांडी हवी तेवढी तापली नसेल तर कड चिकटल्यासारखी दिसते, पण गोदामातल्या उकाड्यात किंवा ट्रकच्या धक्क्यांत सुटते. जास्त तापली तर कागद करपतो, ठिसूळ होतो, उघडताना त्याचे तंतू मालावर पडतात. दांडीवरचे टेफ्लॉन झिजले तर पट्टीत केसासारखी बारीक नळी उरते, जी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. रंगीत द्रव सोडला तरच दिसते. वीज गेली, आली, यंत्र पुन्हा चालू झाले आणि दांडी पुरती तापायच्या आत पहिली काही पाकिटे निघून गेली, तर ती बाजूला काढायची की पुढे जाऊ द्यायची? व्हॅलिडेशन झालेल्या कारखान्यात याचे उत्तर लिहून ठेवलेले असते आणि कामगाराला ते माहीत असते. जिथे झालेले नाही तिथे त्या क्षणी सुपरवायझरला जे सुचेल ते.

आंबेगाव-जुन्नरच्या वाचकांना हे परके वाटण्याचे कारण नाही. इथली कितीतरी पोरे चाकणला, रांजणगावला पाळ्या करतात. मोल्डिंग मशिनवर उभा राहणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, तो सांगेल की गाडीचा साधा प्लॅस्टिकचा क्लिप नवा लागला की आधी पीपॅपचा, म्हणजे भाग मंजूर करून घेण्याच्या कागदांचा, गठ्ठा तयार होतो, तो गाडी कंपनीकडून मंजूर होतो, मग लाइन सुरू होते. रोज सकाळी पहिला पीस ओके करून घेतल्याशिवाय दुसरा निघत नाही. साच्याची जागा बदलली तरी पुन्हा मंजुरी लागते. गाडी कंपनीचा माणूस पुरवठादाराच्या शॉपफ्लोअरवर येऊन उभा राहतो, कारण त्याला ठाऊक आहे की एक सदोष क्लिप हजारो गाड्या परत बोलवायला लावू शकतो. दाराच्या क्लिपसाठी जी चौकशी होते, तीच माणसाच्या शिरेत जाणाऱ्या नळीसाठी सरकारी खरेदीदाराने का करू नये, याचे उत्तर आम्हाला हवे आहे.

महाराष्ट्राला याचे धडे मिळालेले नाहीत, असे नाही. २०१३ साली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंडच्या कारखान्याचा सौंदर्यप्रसाधने बनवण्याचा परवाना रद्द केला. कारण होते २००७ साली बनलेल्या बेबी पावडरच्या १५ बॅच. त्या इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक केल्या होत्या, ही प्रक्रिया परवानगीत नव्हती, आणि वायूचे अंश उरले आहेत का याची चाचणी झाली नव्हती, असे प्रशासनाचे म्हणणे होते. उत्पादन सुरक्षित असल्याचे कंपनी सांगत राहिली. बेबी पावडर वैद्यकीय उपकरण नव्हे. पण प्रश्न नेमका हाच होता: प्रक्रिया बदलली, ती सिद्ध कोणी केली? आणि कारवाई झाली ती सहा वर्षांनी. तोवर ती पावडर ज्यांच्या अंगाला लागायची त्यांच्या लागून गेली होती. एवढी मोठी कंपनी, मुंबई शहरातला कारखाना, आणि हा वेळ. मग कुठल्याशा औद्योगिक वसाहतीच्या गाळ्यातून सुटणाऱ्या सलाइन सेटचे काय?

मे २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, उल्हासनगरमधून एक चित्रफीत पसरली. आरटीपीसीआर चाचणीसाठी नाकात घालायच्या काड्या वस्तीतल्या घरांत, जमिनीवर ढीग मांडून, बायका आणि लहान मुले पाकिटांत भरत होती. हातमोजे नाहीत, मास्क नाही. हजारामागे काही रुपये मजुरी. पोलिस आणि अन्न व औषध प्रशासन तिथे पोचले, गुन्हा दाखल झाला. त्या बायकांना आम्ही दोष देत नाही. टाळेबंदीत चूल पेटवायला जे काम मिळाले ते त्यांनी केले. दोष त्या साखळीचा, ज्यात वर बसलेल्या कोणालाही ‘हे पॅकिंग होते कुठे?’ असे विचारावेसे वाटले नाही. चित्रफीत पसरली नसती तर आपल्याला कधी कळलेही नसते.

त्याच महिन्यात औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, केंद्राकडून मराठवाड्यासाठी आलेल्या १५० व्हेंटिलेटरचा विषय उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर आला. वापरात घेतलेली ११३ यंत्रे सदोष असल्याचा आणि उरलेली ३७ खोक्यांतून बाहेरच काढली नसल्याचा अहवाल होता. केंद्राची बाजू अशी की यंत्रे ठीक आहेत, रुग्णालयाची जोडणी आणि हाताळणी कमी पडली. कोण बरोबर, हा वाद बराच गाजला. आम्हाला त्यातली दुसरीच गोष्ट खुपते. यंत्र ज्या ऑक्सिजनच्या लाइनवर, ज्या दाबावर, ज्या माणसांच्या हातात चालणार आहे तिथे ते चालते हे आधी दाखवून दिलेले असते, तर हा वाद न्यायालयात जाण्याचे कारणच उरले नसते. साथीत घाई होती, हे मान्य. पण घाईत पहिला बळी या सिद्धतेचा दिला जातो, आणि त्याची किंमत अतिदक्षता विभागातला पेशंट मोजतो.

कायदा नाही, ही सबब चालणार नाही. वैद्यकीय उपकरणे नियम २०१७ सालचे आहेत, १ जानेवारी २०१८पासून लागू आहेत. १ एप्रिल २०२०पासून सगळी वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या लेखी औषधेच ठरली. याच नियमांची पाचवी अनुसूची स्पष्ट सांगते की ज्या प्रक्रियेचा निकाल नंतर मोजून किंवा तपासून पडताळता येत नाही, ज्यातला दोष वस्तू वापरात आल्यावरच उघड होतो, ती प्रक्रिया उत्पादकाने सिद्ध केलीच पाहिजे. वाक्यात संदिग्ध काही नाही. गडबड पुढे आहे. सिरिंज, सलाइन सेट यांसारख्या ‘ब’ वर्गातल्या वस्तूंच्या उत्पादनाचा परवाना राज्य देते. म्हणजे दुसऱ्या राज्यात बनलेला माल घोडेगावात येतो तेव्हा त्यामागची तपासणी त्या राज्याने करवून घेतलेली असते, आणि ती कशी झाली हे इथल्या खरेदीदाराने विचारल्याशिवाय कळत नाही. औषध निरीक्षक बहुतेक औषधनिर्माणशास्त्र शिकलेले असतात. गोळीतला घटक किती टक्के, हे त्यांना नेमके कळते. मोल्डिंगचे तापमान, सीलचा दाब, चेंबरमधल्या खोक्यांची रचना हा वेगळा अभ्यास आहे. त्यासाठी अभियंते आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हवेत, आणि ते पुरेसे असल्याखेरीज पाचवी अनुसूची छापील कागदच राहील.

भरीला, २०२३च्या जनविश्वास कायद्याने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७ (ड) खालचे गुन्हे दंड भरून मिटवण्याची वाट मोकळी केली. उद्योगाला छोट्या चुकांसाठी तुरुंगाची भीती नको, हा त्यामागचा विचार. पण उपकरणेही आता औषधेच असल्याने, प्रक्रिया सिद्ध न करता माल विकणाऱ्यालाही ही सवलत वापरता येईल, अशी आम्हाला धास्ती आहे. केंद्र सरकारने हा प्रश्न उपकरणांपुरता तरी वेगळा करून पाहिला पाहिजे.

या राज्याची सवय मृत्यू झाल्यावर जागे होण्याची आहे. १९८६च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरॉल पोटात गेल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला, खरेदीपासून निरीक्षकांपर्यंतची सगळी साखळी उघडी पडली, मंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. २०२५मध्ये तेच रसायन खोकल्याच्या औषधातून छिंदवाड्याच्या मुलांच्या पोटात गेले, आणि त्यांतली कितीतरी नागपूरच्या रुग्णालयांत दगावली. मध्यंतरी २०२३मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयात, म्हणजे घोडेगावसारख्याच एका रुग्णालयात, सरकारी साठ्यातल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या बनावट निघाल्या. ही तिन्ही प्रकरणे औषधांची आहेत आणि तिन्हींत एक गोष्ट समान आहे: साधी प्रयोगशाळेतली चाचणी वेळेवर झाली असती तर दोष सापडला असता. जे तपासून सापडते तेही आपल्या हातून निसटते. मग जे तपासूनही सापडत नाही, त्याबाबत आपण किती उघडे आहोत? बनावट गोळी विरघळवून पाहता येते. सुटलेल्या कडेतून शिरलेला जंतू पेशंटला ताप आल्यावर कळतो, आणि तेव्हाही केस पेपरवर लिहिले जाते ते ‘जखमेत संसर्ग’ एवढेच. पाकीट तोवर कचऱ्याच्या पिशवीतून गेलेले असते.

लहान उत्पादक म्हणतात, हा खर्च आम्हाला झेपत नाही, आम्ही बंद पडलो तर माल चीनमधूनच येईल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते झटकून टाकणे आम्हाला पटत नाही. चेंबरमध्ये जागोजागी तापमापी लावून नकाशा काढणे, बीजाणूंच्या पट्ट्या ठेवून दर वेळी वाढवून पाहणे, सीलची ताकद मोजणारे यंत्र घेणे, याला पैसा आणि शिकलेली माणसे लागतात. पण याचा उपाय शिस्त सैल करणे हा नाही. राज्याने औद्योगिक वसाहतींत सामायिक चाचणी आणि व्हॅलिडेशन केंद्रे उभारावीत, लहान कारखान्यांना तिथे परवडणाऱ्या दरात काम करून द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सरकारने खरेदीचा दर ठरवताना हा खर्च धरावा. जो उत्पादक प्रक्रिया सिद्ध करतो त्याचा सलाइन सेट काही पैशांनी महाग पडणारच. निविदेत तोच बाद होणार असेल तर प्रामाणिक माणसाला आपणच धंद्यातून हाकलत आहोत.

रुग्णालयाचा स्वतःचा ऑटोक्लेव्हही या प्रश्नातून सुटत नाही. ऑपरेशनची हत्यारे, कपडे, ड्रेसिंगचे ड्रम तिथेच निर्जंतुक होतात. ड्रमवरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या की काम झाले असे धरले जाते. त्या रेघा फक्त एवढेच सांगतात की पट्टीला वाफ लागली. ड्रमच्या पोटात, घट्ट कोंबलेल्या कपड्यांच्या मधोमध, हवे तेवढे तापमान हवा तेवढा वेळ टिकले का, हे कळायला बीजाणूंची पट्टी आत ठेवून ती वाढवून पाहावी लागते. मधेच वीज गेली तर ती फेरी मोजायची नसते, पहिल्यापासून घ्यायची असते. तळेघर, अडिवरे यांसारख्या डोंगराकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे तिथल्या सिस्टरांना विचारा. त्यांच्यावर ठपका ठेवण्याऐवजी त्यांना बीजाणूंच्या पट्ट्या, चालू जनरेटर आणि वर्षातून एकदा यंत्राचे तापमान तपासून देणारा माणूस द्या.

राज्याने औषधे आणि साहित्याच्या खरेदीसाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले आहे. कायद्याने उभ्या राहिलेल्या या प्राधिकरणाने पुढच्या निविदेपासून एक अट घालावी: शरीरात शिरणाऱ्या प्रत्येक निर्जंतुक वस्तूसोबत तिच्या निर्जंतुकीकरणाच्या आणि पाकिटाच्या सीलच्या व्हॅलिडेशनचा सारांश, शेवटची तारीख आणि त्यानंतर काय बदलले याची नोंद जोडलेली असावी, नसेल तर दराचे पाकीट उघडूच नये. हे सारांश प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर सर्वांना दिसावेत. प्राधिकरणाची माणसे, गाडी कंपनीच्या माणसासारखी, न सांगता कारखान्यात जाऊन उभी राहावीत.

आणि एक काम मुंबईची वाट न बघता इथेच होऊ शकते. २०१५पासून देशात उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे. १८००-१८०-३०२४ हा त्याचा मोफत क्रमांक. कॅन्युला मोडली, सेट गळला, पाकीट आधीच सुटलेले निघाले, टाके अकारण पिकले, तर डॉक्टर, सिस्टर किंवा पेशंटचा नातेवाईक कोणीही कळवू शकतो. त्यासाठी बॅच नंबर लागतो, आणि तो कचऱ्यात गेलेल्या पाकिटावर असतो. घोडेगाव ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीने पुढच्या बैठकीत दोन विषय घ्यावेत: शिरेत आणि जखमेत वापरलेल्या प्रत्येक वस्तूचा बॅच नंबर केस पेपरवर लिहिण्याचा ठराव, आणि मागच्या वर्षभरात भांडाराने सदोष म्हणून परत पाठवलेल्या मालाची यादी. ही यादी आम्ही मागत आहोत, आणि ती हाती आली की बॅच नंबरांसह छापू.